"आपण" खोडून "आम्ही"

मी, धंद्याने जुळारी, म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारा, वय त्रेपन्न, शिक्षण चौथीपर्यंत आणि पुढचे सगळे प्रुफे वाचून. हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धलेखनही माझेच आहे. कोणी हात लावू नये.

१. राहते घर, दोन खोल्या व गच्ची, माझ्या पत्नीस. ती नदीपलीकडची. पुलावर फाटक बसल्यापासून तीन वर्षे तिकडे माहेरी अडकली आहे. परकीला घर मिळत नाही असे कोणी म्हणाल्यास कलम दोन वाचावे.

२. तिला परकी केले माझ्या दादाने. तेव्हा मास्तर, आता पुढारी. बावीस वर्षांपूर्वी त्याने दोन्ही काठांच्या मुलांसाठी पहिलीचे पुस्तक लिहिले. पहिले वाक्य, "आपण या नदीची माणसे." प्रुफात त्याने "आपण" खोडून "आम्ही" केले.

मी म्हणालो, "दादा, 'आपण'मध्ये ऐकणारा येतो. 'आम्ही' म्हटलं की तो दाराबाहेर."

"चौथी नापास, तू मला व्याकरण शिकवणार? 'आम्ही'नं छाती फुगते रे!"

फुगली. पुस्तकाचे गाणे झाले, गाण्याचा झेंडा, झेंड्याचा नकाशा, नकाशाचे फाटक. हजार वर्षांचा म्हणून मिरवतात तो देश माझ्या हाताखाली एका दुपारी तयार झाला. खिळे मीच जुळवले. तेवढे पाप माझ्याच नावावर राहावे. पुस्तक वाचून ही म्हणाली होती, "मग मी कोण हो, ऐकणारी?" मी हसलो होतो.

दादाच्या अक्षरातले ते प्रूफ पत्नीस द्यावे. फाटकावर दाखवायला.

३. छापखाना मुलीस. त्या पुस्तकाची उद्यापासूनची नवी आवृत्ती "आपण" घालूनच छापावी. काका माणसे घेऊन येईल. दार आतून लावावे.

४. दादास "आ" आणि "म्ही" हे दोन खिळे. खिळ्यावर अक्षर उलटे असते. चारचौघांत वाचून दाखवावे, जमणार नाही.

५. माझ्यावर झेंडा पांघरल्यास मुलीने ओढून काढावा. कापड बरे असते, शाई पुसायला ठेवावे.

साक्षीदार बुकबाइंडर सवयीने "आमच्या समक्ष" लिहू लागला. मी खोडायला लावले.

"मग काय लिहू?"

"हे वाचणार कोण?"

"वहिनी."

"मग तिला धरून लिही."

आपल्या सर्वांच्या समक्ष सही झाली.

सही: जुळारी
साक्षीदार: बुकबाइंडर, नावाडी (सध्या नाव बांधून ठेवलेला)
ठिकाण: छापखान्याची पुढची खोली
तारीख: नव्या आवृत्तीचा आदला दिवस