‘कामाला लागलेल्या’ सदतीस नावांबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
ग्रामीण डिजिटल कार्यकेंद्र योजना, रत्नागिरी.

विषय : आंबेवठार (ता. संगमेश्वर) येथील केंद्र न हलवता अर्जदारास दोषी धरणेबाबत.
संदर्भ : उद्दिष्टपूर्तीबद्दल अभिनंदन व केंद्राचे स्थलांतर, आपले पत्र दि. ३ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

मी, महिपत भागोजी भुवड, वरील केंद्राचा देखभालदार या नात्याने सादर करतो की, केंद्रामुळे सदतीस जण कामाला लागल्याने आता येथे केंद्राची गरज उरली नाही, असे आपल्या पत्रात नमूद आहे. हा आकडा माझ्याच तक्त्यातून आपल्याकडे गेला. तो चुकीचा आहे.

१. तक्त्यात ‘केंद्रामुळे कामाला लागलेल्या व्यक्ती’ असा रकाना आहे. आमच्याकडे माणूस कामाला लागला म्हणजे मुंबईला गेला, दुसरा अर्थ नाही. त्यामुळे केंद्रातील संगणकावर ज्यांची मुंबईची तिकिटे मी काढून दिली, त्या सदतीस जणांची नावे मी सुवाच्य अक्षरात त्या रकान्यात लिहिली. माणसे गावातच राहावीत म्हणून हे केंद्र निघाले, हे मला तेव्हा सुचले नाही.

२. जुलैच्या बैठकीत आपण आदर्श केंद्र म्हणून शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केलात व ‘घरबसल्या रोजगार’ असा आमचा दाखला दिलात, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिथेच उठून सांगायला हवे होते. पण शाल अंगावर होती, टाळ्या चालू होत्या, मी गप्प बसलो. पुढचा तक्ताही तसाच भरला. पहिली चूक अज्ञानाची व दुसरी लबाडीची, अशी दप्तरी नोंद व्हावी.

३. केंद्रात बसून खरोखर नोकरी करणारी व्यक्ती एकच, सौ. वेदिका विनीत धुमक, माझ्या शेजारची सून. पुण्याच्या एका कंपनीकडे आलेल्या तक्रारींना ती उत्तरे लिहिते. घरी रेंज नाही. नवरा मुंबईत. सासू हौसावहिनी यांना दिसत नाही, म्हणून दुपारी जाऊन त्यांना जेवायला वाढते आणि परत येऊन बसते. यादी करताना मी वहिनींना विचारले, तर त्या म्हणाल्या, “ती कुटं कामाला गेली? हितंच तर हाय.” मला ते पटले. मी वेदिकाचे नाव ‘बेरोजगार’ रकान्यात लिहिले. महोदय, याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

४. टेबले व संगणक ३० तारखेला जाणार. काल वेदिकाने मला स्वतःचे मुंबईचे तिकीट काढायला सांगितले. मी नेट बंद असल्याचे खोटे सांगितले. ती त्याच वेळी त्याच नेटवर काम करत होती. वहिनींचे पुढे काय, हे तिनेही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

सबब, मला कामावरून काढावे व केंद्र राहू द्यावे. ते शक्य नसल्यास तिचे तिकीट मीच काढून देईन. त्यानंतर अडतिसावे नाव म्हणून तिला कोणत्या रकान्यात लिहायचे, ते आपल्या सहीने कळवावे.

आपला चुकलेला, तरी नम्र,
(सही)
महिपत भागोजी भुवड
आंबेवठार, दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. दुरुस्त तक्ता (नाव एक).
२. सत्काराची शाल, धुऊन. नारळ जोडता येत नाही. त्याच दिवशी केंद्रात फोडून वाटला. पहिला तुकडा वेदिकाने घेतला व माझे अभिनंदन केले.