चहा आला, तू आलीस

बाई, गेल्या महिन्यात मी एका मुलीचं मराठी दुरुस्त केलं, आणि तिचं बरोबर होतं. सांगायचं एवढंच आहे, पण चूक नुसती खोडून चालत नाही, ती कशी झाली तेही लिहायचं, अशी तुमचीच शिस्त.

इथे दिल्लीत, द्वारकेला, आमच्या सोसायटीतल्या मराठी बायका दिवाळीत गाण्यांचा कार्यक्रम करतात. मी नोकरीभर सरकारी अनुवाद केले, म्हणून मराठी तपासायचं काम माझ्याकडे. सगळ्या मला जरा घाबरतात आणि मला ते आवडतं. ही मुलगी तेवीस-चोवीसची असेल. वडील फौजेत, मूळचे साताऱ्याकडचे. ही छावण्यांमधून वाढली, हिंदीत शिकली. गळा सुरेख, मराठी अर्धंमुर्धं. त्या दिवशी तालमीत तिनेच सगळ्यांसाठी ट्रे आणला. "चलो, चहा आली!" मी म्हटलं, "आली नाही, आला. चहा पुल्लिंगी." "सॉरी मावशी, आला," ती हसत म्हणाली. मग गिटार घेऊन तिने स्वतः लिहिलेलं प्रेमगीत सुरू केलं, आणि दुसऱ्याच ओळीत आलं, 'तू आलीस'. मी हात वर केला. "पुन्हा तेच. आलीस नाही, आलास." बायका हसल्या. एक म्हणाली, "हिच्या तोंडी उद्या नवरासुद्धा 'आली' होईल!" मुलगी मात्र हसली नाही. "नाही मावशी. चहाचं चुकतं माझं. हे बिल्कुल बरोबर आहे."

तिच्या गाण्यातली 'तू' मुलगीच आहे हे मला कळलं होतं, बाई. कळलं नव्हतं असं निदान तुम्हाला तरी सांगणार नाही. तरीही मी म्हटलं, "आलासच म्हण. चालीत नीट बसतं." तिने गिटारवर बोटं ठेवूनच विचारलं, "पण मावशी, दोन्ही सेमच बसतात ना?" आलास, आलीस. दोन गुरू, एक लघू. मात्रा मोजायला तुम्ही शिकवलंत, वर्गात टेबलावर बोटं वाजवत, आणि त्याच मात्रांच्या आड लपून मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. तिने गिटार गवसणीत घातली आणि ती निघून गेली.

मला वाटलं, आता तिच्या आईचा फोन येईल. आलं ते एक गाणं, मोबाइलवर. खाली लिहिलेलं, "मावशी, हे ऐका. आवडलं तर अजून पाठवते." दोन मुली, एक गाते, दुसरी पेटीवर. तक्रार एवढीच, की माझ्या चपला घालून गेलीस, आता मी घराबाहेर पडू कशी. मी ते भाजी निवडताना ऐकलं आणि पुन्हा लावलं. मग तिने एक कादंबरी आणून दिली, बारीकशी. तालुक्याच्या गावात शिलाईचं दुकान चालवणारे दोघे पुरुष, तीस वर्षं एका घरात, पाणी कोणी भरायचं यावरून भांडणारे. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ, तुम्ही चिडला असतात. पण शेवटपर्यंत दोघांतलं कुणी मरत नाही. मी शेवटच्या पानापर्यंत कुणीतरी मरायची वाट पाहत होते, आणि पुस्तक मिटल्यावर त्याची मला लाज वाटली. मग एक सिनेमा, तासाभराचा: एसटीतली कंडक्टर बाई, आणि शेवटच्या थांब्यावर तिचा डबा घेऊन उभी राहणारी दुसरी. दोघी बाकावर बसून जेवतात. आवाज नीट टिपलेला नाही, पण तसं जेवण मी पडद्यावर पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत इतकं चांगलं मला कुणी दिलं नव्हतं. तरी मेट्रोत ती कादंबरी वाचताना मी तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. साठी उलटलेल्या बाईच्या हातातलं पुस्तक कोण बघत होतं?

पुढच्या तालमीला ती आली. तिची माफी मागायची असं ठरवून मी गेले होते, पण तीच आधी बोलली. "मावशी, बदललं मी. 'तू येशील' केलं. आता कोणाला प्रॉब्लेम नाही ना?" आणि गायली. तू येशील, शेजारी बसशील, माझ्या हातचं खाशील. सगळ्या म्हणाल्या, किती गोड! येशीलमध्ये काही कळत नाही ना, तो की ती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "छान."

म्हटलं आणि तुमचं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही पोळी लाटता आहात. तुमच्यासोबत राहणाऱ्या ताई, पानिपतच्या, हॉस्पिटलातल्या ड्यूटीवरून नुकत्याच आलेल्या, चहाचं आधण ठेवून तुमच्याकडे बघत उभ्या आहेत. मी कॉलेजातली, उंबऱ्यावर. तुम्ही लाटता लाटता तुमची कविता म्हणता, येशील तेव्हा दार वाजवू नकोस, मी उघडंच ठेवीन. मी विचारते, "बाई, तुमच्या कवितेत सगळं भविष्यकाळातच का? कुणी येतं की नाही कधी?" तुम्ही पोळीवरून नजर न काढता म्हणता, "येतं गं. पण मराठीत माणूस आलं की लगेच कळतं, कोण ते." मी विनोद समजून हसते. तेवढ्यात ताई ओरडतात, "अरे, चहा उतू गेली!" मी दुरुस्त करायला तोंड उघडते, तर तुम्ही लाटणं माझ्यावर रोखता. "गप. तिची चहा आहे. जाऊ दे तिला." भेटेल त्याचं मराठी दुरुस्त करणाऱ्या तुम्ही, ताईंचं कधीच केलं नाहीत. मला वाटायचं, कंटाळून सोडून दिलं असेल.

तुम्हाला आयुष्यभर जे क्रियापद लिहिता आलं नाही, ते या मुलीने सहज लिहिलं होतं. मी तिला हात धरून पुन्हा तुमच्या काळात नेऊन बसवलं, आणि वर छान म्हटलं.

रविवारी शेवटची तालीम आहे. मी लवकर जाईन. सगळ्या जमल्या की सांगेन, गाणं होतं तसंच म्हणायचं, आलीस. मात्रांचं खोटं बोलले तेही सांगेन. तिचं पुस्तक कव्हर काढून परत देईन. तुम्ही आता नाही आहात, हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून त्यात धीट व्हायला सोपं आहे. जाईन, सांगेन, देईन. बघा ना बाई, मीही सगळं भविष्यकाळातच लिहिलंय.