डॉक्टरांच्या आईंचं मांजर पुसलं गेलं त्याबद्दल

आदरणीय भावोजी,

साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता बरी असेल. ताईलाही नमस्कार (पण हे पत्र तिला दाखवू नका, तिच्याच शब्दावर मला ही नोकरी मिळाली होती). कालपासून तुम्ही फोन उचलणं बंद केलंत, म्हणून लिहितोय. नोकरी बहुतेक आज जाईल.

जनावरांच्या दवाखान्यासाठी तुम्ही पेशंट नोंदवायचा जो फॉर्म करून दिलात, तो उघडला की समोर डॉक्टरांच्या आईंचं मांजर यायचं. पहिली नोंद त्याचीच. मला वाटलं, मालकाच्या घरचं म्हणून मानानं वर बसवलंय. त्यामुळे पहिला पेशंट आला तेव्हा मी (मनात माफी मागून) मांजर खोडलं आणि त्याच जागी कुत्रा लिहिला. पुढच्या वेळी फॉर्म उघडला तर कुत्रा. म्हटलं, मान त्याच्याकडे गेला असेल. मग कुत्रा खोडून ससा, ससा खोडून गाय, असं करत शेवटी त्या पहिल्या जागी पोपट उरला. फोन नंबराचा रकाना मात्र मी आईंच्या नंबरासकट तसाच सोडून द्यायचो, कारण बायामाणसांना नंबर विचारणं बरं दिसत नाही. परिणामी परवा आईंच्या फोनवर मेसेज गेला की आपल्या पोपटाची नखं कापायची वेळ झाली आहे. घरात पोपट कधी आला आणि मांजरानं तो खाल्ला का, असं त्या डॉक्टरांना विचारत बसल्या.

डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "सोमवारी फॉर्म कोरा उघडला पाहिजे. नाहीतर तुम्ही घरी."

मग फोनवर तुम्ही सांगितलंत तसं सेटिंगमध्ये 'डेटा एंट्री'पुढे 'येस' केलं. फॉर्म कोरा उघडला, पण इतका कोरा की मागे जाऊन पाहावं तर मागे कुणीच नाही. सगळ्या वर्षांची जनावरं गुल. आगीतून फुफाट्यात पडलो, भावोजी. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. समोर बसलेल्या बाईंना वाटलं त्यांच्या कुत्र्याचं काही खरं नाही, त्याही रडायला लागल्या.

आपला हतबल मेहुणा

ता. क. : जुनी जनावरं कुठं गेली असतील, तेवढं कळवा.

आणखी ता. क. : आत्ताच डॉक्टर येऊन गेले. कोरा फॉर्म बघून खूश झाले, माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "छान. आता जुने पेशंट दाखवा." मी सांगून टाकलं की ते सगळे भावोजींकडे आहेत. ते तुमच्याकडेच यायला गाडी काढतायत. हे पत्र त्यांच्याच हाती देतोय. पाकिटाचा डिंक वाळून गेलाय, ते चिकटत नाही, तेव्हा जमल्यास त्यांच्याआधी वाचा.