दुधाची जीप माझ्यामागे कोणाकडे जावी, याबाबत

मी, रुखमाबाई कडूबा चोपडे, वय एकाहत्तर, धंदा शेती व दूध संकलन, राहणार पिंपळगाव राजा, तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. मला दडपणाखाली आणेल असा माणूस गावात अजून झालेला नाही, हे दोन्ही साक्षीदार जाणतात.

कलम एक. राहते घर आणि नाल्याकाठचे शेत माझा एकुलता मुलगा राजकुमार याला मिळावे. बँकेतली ठेव नात पुष्पांजली हिच्या शिक्षणासाठी आहे. तिच्या लग्नात डीजे लावायला ती मोडू नये.

कलम दोन. दुधाचे कॅन, मापे आणि पान्यांची पेटी सून वंदना हिची. त्यांना दुसऱ्या कोणी हात लावू नये.

कलम तीन. आता जीप. राजकुमारचे म्हणणे, ही चारही चाकांनी ओढणारी फोर-व्हील गाडी डिझेल पिते, माझ्यामागे ती विकून लहान टेम्पो घ्यावा. पण पहाटे शेतवस्त्यांवरून दूध गोळा करून खामगावला पोचवते ती वंदना, आणि तिला हीच गाडी हवी आहे. गाडी गेली तर तिचा धंदा जातो. मी विषय काढला की राजकुमारचे एकच उत्तर असते, “माय, तू गेल्यावर पाहू.”

त्याच्या माहितीसाठी लिहिते. माझे पती कडूबा वारले तेव्हा दुधाची फेरी बंद पडणार असे लोक धरून चालले होते. मी गाडी शिकले आणि आधी टेम्पोच घेतला, कारण तो कमी खायचा. पहिल्याच पावसाळ्यात शेतांकडे जाणाऱ्या पांदणीच्या काळ्या मातीत तो पोटापर्यंत रुतला. दूध नासले, आणि दूध घालणारी घरे दुसऱ्या डेअरीकडे गेली. त्यांना परत आणता आणता दिवाळी आली. गाडी चालताना किती खाते हे सगळे विचारतात, उभी राहिली की किती खाते हे कोणी विचारत नाही.

मग ही जीप घेतली. जुनी होती, पण तिचे सामान खामगावात कुठेही मिळते आणि शालिग्राम मिस्त्री ती डोळे मिटून खोलतो. राजकुमार, तुझे शिक्षण हिच्याच फेऱ्यांवर झाले.

पुढे माझे दीर गुलाबराव यांनी मोठी, चकचकीत गाडी आणली. फोर-व्हीलचे मॉडेल जास्त डिझेल खाते म्हणून त्यांनी मागच्या दोनच चाकांवर चालणारे घेतले, आणि मलकापूरच्या रेडियमवाल्याकडून पाठीमागे ‘४x४’ असे चिकटवून आणले. चारचौघांत मला म्हणाले, “वहिनी, तुमच्या जीपपेक्षा म्हैस बरी. खाते तं दूध तं देते.” ते मी विसरले नाही.

त्यांच्या मुलाचे लग्न देऊळघाटला झाले. नवरा-नवरीला घेऊन परतताना अवकाळी पाऊस आला आणि शेतातल्या घराकडे वळताच त्यांची गाडी रुतली. पुतण्यांनी सुचवले, “काका, फोर लावा ना.” गुलाबराव म्हणाले, “लावली हाय बे.” तेव्हा नव्या नवरीने काचेतून डोके बाहेर काढून विचारले, “मामाजी, लावली हाय तं पुढचे चाकं काऊन फिरून नाही राह्यले?” मी जीप आणली, दोर बांधला आणि नवरदेवासकट गाडी बाहेर ओढली. त्या दिवशी मला झालेला आनंद अजून उतरलेला नाही.

वंदनासाठी सूचना. डांबरी रस्त्यावर फोर लावू नये, टायर आणि डिझेल दोन्ही जातात. पांदण लागण्याआधी थांबून लावावी, रुतल्यावर लावणारा फक्त खड्डा खोल करतो. तेल वेळेवर बदलावे. एवढे पाळले तर गाडीचा खर्च दुधातून निघतो. खरे तर वंदना हे माझ्यापेक्षा चांगले करते, आणि मला तिचा फार अभिमान आहे.

कलम चार. जीप वंदनाला, असे सांगायला घेतले तेव्हा लिहून घेणारे वकीलसाहेब म्हणाले, “आजी, हे तुम्ही गेल्यावर लागू होईन. तोवर गाडी तुमचीच.” हे मला पटले नाही. भांडण माझ्यामागे झाले तर माझ्या सुनेच्या बाजूने बोलणार कोण? म्हणून ते लिखाण तिथेच थांबवले आणि वंदनाला घेऊन बुलढाण्याला आरटीओत गेले. गेल्या आठवड्यात गाडीचे आरसी बुक हातात आले. त्यावर वंदना राजकुमार चोपडे हे नाव आहे. सबब या मृत्युपत्रात जीप नाही. ती माझी राहिलेली नाही.

राजकुमार, मी गेल्यावर पाहण्यासारखे काही उरलेले नाही. पाहायचे असेल तर उद्या पहाटे पांदणीवर ये. वंदना चालवत असेल आणि मी शेजारी बसलेली असेन.

लिहून ठेवणार: रुखमाबाई कडूबा चोपडे (सही)

साक्षीदार:
१. गुलाबराव चोपडे, सख्खा दीर. लग्नाचा मजकूर वाचून दाखवल्यावर “खरं हाय, राहू द्या” म्हणून सही केली.
२. शालिग्राम तायडे, मिस्त्री, खामगाव (सही)

स्थळ: खामगाव
दिनांक: १७ जुलै २०२५