गुळगुळीत रेघ

४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा गुडघा काय म्हणतोय? पन्नाशीचा माणूस हवामान केंद्राच्या गच्चीवरून रोज फुगे सोडतो, ही शोभाच. पण माझा बारा वर्षांचा प्रबंध त्याच फुग्यांवर उभा आहे, म्हणून हसत नाही.

मी लिहिलंय, की वरच्या हवेतले मोठे भोवरे फुटून लहान होतात आणि लहान तिथेच विरतात. नव्या यंत्रांना नेमकं उलटं दिसतंय. लहान भोवरे एकमेकांत मिसळून मोठ्यांना पोसतात म्हणे! तुझ्या आकड्यांत तर लहान भोवरे जवळपास नाहीतच. वीस तारखेला समितीपुढे उभं राहायचंय. प्रबंध पडला तर नोकरीही गेली. यंत्राने काढलेले फुग्यांच्या वाटांचे मूळ कागद ताबडतोब पाठव.

लोभ आहेच, कागदांसोबत थोडा धीरही यावा.

ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

कागद नाहीत. दर वर्षाअखेर ते रद्दीत जातात.

आणखी एक सांगायचंय. पहिल्याच वर्षी तू लिहिलं होतंस, की माझ्या रेघा फार नागमोडी येतात, समिती नाकं मुरडते. मला वाटलं, आमचं जुनं यंत्रच थरथरतंय. तेव्हापासून फुग्याच्या वाटेवर लवचिक पट्टी ठेवून मी रोज गुळगुळीत रेघ ओढली आणि तिच्यावरचे आकडे तुला पाठवले. तुझं काम नीटनेटकं दिसावं, एवढंच मनात होतं गं. ते बारीक वळसे म्हणजेच तुझे लहान भोवरे, हे आज कळलं.

समितीला माझं नाव सांग. मी भेटायला येतो.

लोभ मागायला तोंड नाही.

टिल्लू

२२ फेब्रुवारी

चि. टिल्लूस आशीर्वाद.

प्रबंध मागे घेतला. रेघा गुळगुळीत करायला मीच सांगितलं होतं, असं समितीला सांगितलं, त्यामुळे तुझी नोकरी शाबूत आहे. माझी मात्र गेली, कामाची खोली सोमवारी रिकामी करायचीय. कपाटभर वह्या कुणालाच नकोत.

मी जे शोधत होते ते तुझ्यासमोर रोज येत होतं आणि तू ते रोज पुसत होतास. हे डोक्यातून जातच नाही. या वयात पुन्हा सुरुवात कुठून करू?

भेटायला येऊ नकोस. तू समोर आलास की मी तुला माफ करीन, आणि मला अजून ते करायचं नाही.

लोभ होताच. तोच नडला.

ताई