बगळीची ओटी

१४ एप्रिल
जेवताना निखिलने विषय काढला. "बाबा, आईची गाडी डोनेट करू या." सुमती गेल्यापासून ड्राइव्हवेवर उभी आहे. रस्त्यावर चालवायला लागतं ते वॉरंट संपलेलं, टायर बसलेले. त्या जागी नि.ला त्याच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर लावायचाय. म्हटलं, उभी आहे म्हणजे मेलेली नाही.
पांढरीशुभ्र, म्हणून सुमती तिला बगळी म्हणायची. पन्नाशी उलटल्यावर इथे परदेशात, हिल्सबरोत येऊन लायसन्स काढलं तिने. मी कधी शिकलोच नाही. मी डाव्या सीटवर, शाळेतल्या कविता म्हणत. प्रत्येक वळणावर तिचं ठरलेलं: "अहो, कविता नंतर. डावीकडून कुणी येतंय का ते सांगा."

१७ एप्रिल
हो म्हणालो. अट एकच. बगळी रस्त्यावर धावली पाहिजे. कुणा नर्सकडे, कुणा लेकुरवाळीकडे. आजारी मुलांसाठी पैसे जमवणारी संस्था आहे. नि. म्हणाला, "दे विल फाइंड इट अ गुड होम, बाबा." मला गुंडाळायचं असलं की तो इंग्रजीत शिरतो. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

२२ एप्रिल
सकाळी टो-ट्रक. तो यायच्या आत बगळीची ओटी भरली. घरातून निघालेली लेक, रिकामी कशी पाठवायची? तांदूळ, सँडरिंगहॅमच्या देशी दुकानातून आणलेला नारळ, सुमतीच्या कपाटातला हिरवा खण. माझ्या सीटवर मांडलं सगळं. बायकांचं काम खरं, पण सूनबाई हॉस्पिटलात ड्यूटीवर, आणि मी कुणाला विचारणारही नव्हतो.
नात दारात उभी. इरा, वय सोळा, तोंड साठीचं. "आजोबा, इट्स अ कार."
"तुला नाही कळायचं."
"अँड यू डोन्ट डोनेट डॉटर्स."
तरी बॉनेटला हळदकुंकू लावलंच.
ट्रकवाला हसला नाही. "स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे इथलं झकास, आणि साखळी अडकवली.
जागेवर तेलाचा डाग उरलाय.

२९ एप्रिल
फोन. कुठल्याशा यार्डातून एक बाई. तुमचं सामान गाडीत राहिलंय, नारळ आणि राइस. घेऊन जा, नाहीतर टाकून द्यावं लागेल, उंदीर होतात. म्हटलं, यार्ड? कसलं यार्ड?
बाईने आडपडदा न ठेवता सांगितलं. दानात आलेली गाडी आधी त्यांच्याकडे येते. वॉरंट मिळण्याजोगी असली तर लिलावात. नसली तर दारं, दिवे, आरसे, विकेल ते काढून घेतात आणि उरलेला सांगाडा चेपायला प्रेसमध्ये. पैसे संस्थेला. "तुमच्या गाडीचा तळ गंजलाय, सर."
नि.ला विचारलं, तुला माहीत होतं? "बाबा, पैसे मुलांनाच जातात ना शेवटी?" जाऊ देत की. मुलांशी माझं भांडण नाही. पण मग गुड होम कशाला म्हणालास?


३० एप्रिल
नि. : "ऑफिसातून येताना मी आणतो तो नारळ."
भरलेली ओटी कुणी परत आणतं का? सोळा वर्षांची नात वाद घालते ते ठीक, याला तरी कळायला हवं. म्हटलं, मी जाणार. बसने.
"बाबा, यू गेव्ह इट अवे."
दिली म्हणून विचारपूसही करायची नाही?

२ मे
यार्ड. इरा सोबत आली. "समवन हॅज टू स्टॉप यू हगिंग इट."
गाड्यांवर गाड्या. शिक्षा म्हणून बाकावर उभी केलेली पोरं जशी. बगळी कोपऱ्यात, चाकं काढून ठोकळ्यांवर टेकवलेली. कुंकू तसंच होतं. आत ओटीला कुणी हात लावला नव्हता.
यार्डाचा मुख्य सिओने, टोंगा बेटांवरचा, दार भरेल एवढा माणूस. "किया ओरा, अंकल." म्हटलं, ही धावेल. तो म्हणाला, बॉडी गेली, तिचं काही होणार नाही. इंजिन सुरू झालं तर मात्र विकता येईल. पोरिरुआला एकाकडे हेच मॉडेल आहे, त्याचं इंजिन बसलंय. नाही झालं तर सोमवारी सगळंच प्रेसमध्ये.
"शेवटची सुरू कधी केली होती?"
इराने सांगितलं, "लाइक, एजेस अगो."
त्याने बॅटरी आणून वायरी जोडल्या. किल्ली मी मागितली.
"आजोबा, यू डोन्ट ईव्हन नो हाउ!"
जन्मात पहिल्यांदा उजव्या सीटवर बसलो. सीट सुमतीच्या उंचीची, माझे गुडघे पोटाशी. डावीकडे पाहिलं. माझ्या जागेवर ओटी. म्हटलं, कुणी येत नाहीये, घे.
फिरवली. खोकली, थांबली. परत तेच. सिओने हाताने पुरे पुरे करत होता. मी पुरे करणार नव्हतो. शाळेत कविता अडली की मास्तर पहिल्या ओळीपासून घ्यायला लावायचे. तसं पहिल्यापासून. पुन्हा पहिल्यापासून.
लागली!! ढगभर धूर आणि तो आवाज. तिचाच. इरा किंचाळली, "नो वे!"
सिओनेने बॉनेटवर कुंकवाशेजारी पिवळी खूण मारली. म्हणजे इंजिन वाचलं.
नारळ तिथेच फोडायचं ठरवलं. मी कुठे आपटावा ते शोधत होतो. सिओनेने हातातून घेतला. "अंकल, टोंगाच्या माणसाला नारळ शिकवू नका." पान्याच्या एका ठोक्यात दोन वाट्या. सगळ्यांना खोबरं वाटलं, तांदूळ चिमण्यांना. खण इंजिनाबरोबर जाणार आणि पोरिरुआला सुरू झालं की मला फोन येणार, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

९ मे
इंजिन ट्रकने गेलं. बाकीची बगळी प्रेसमध्ये. मी विचारलं म्हणून सिओनेने सांगितलं. चेपतानाच्या त्या आवाजाला काय म्हणत असतील—

आज इतकंच.

१५ मे
फोन नाही. नि. म्हणतो, "बाबा, असले फोन कुणी करत नाही." उद्या चार्जर लावायला इलेक्ट्रिशियन येतोय. बरं, म्हटलं.

१६ मे
खुर्ची तेलाच्या डागावर मांडून बसलोय. हे तिथूनच लिहितोय. इलेक्ट्रिशियन आला. त्याला चहा दिलाय, पायरीवर बसून पितोय, घाई नाही म्हणाला. नि. दारातून: "बाबा, प्लीज. शेजारी बघतायत." बघू देत. पोरिरुआहून फोन आला की उठेन, असं त्याला मराठीतच सांगितलं. दोन कविता म्हणून झाल्या, मोठ्याने. तिसरीतलं एक कडवं आठवेना.
इरा बाहेर आली. हातात दुसरी खुर्ची. ती माझ्या उजवीकडे ठेवून बसली, समोर बघत. लहानपणी मागच्या सीटवर ऐकलेलं सगळं तिच्या लक्षात आहे तर.
"आजोबा, पोएम्स लेटर. डावीकडून कुणी येतंय का?"
मान वळवून नीट पाहिलं.
थांब, म्हटलं. सांगतो.