परातीखालचं नाव

४ ऑगस्ट १९८५

ही वही नागपुरात घेतली होती. रोज लिहीन म्हटलं आणि रोज टाळलं. पहिल्या पानावर नाव टाकलं, श्रावण. त्याच्याखाली एक बैल काढायला गेलो, शिंगं काही केल्या नीट येईनात, म्हणून पानच फाडलं आणि मग जे राहिलं ते राहिलंच. आज मात्र लिहितो, कारण आज मला खोली मिळाली. माझी एकट्याची, आतून कडी असलेली.

मोहगावच्या बाहेर एका कंपनीनं हवाई पट्टी केली आहे. मालकाचं छोटं विमान इथं उतरणार, मग कारखाना होणार, असं प्रभाकरबाबू सांगतात. हे कंपनीचे इथले बाबू, सौंसरहून लूनावर येतात. विमान काही अजून आलं नाही. ते येईपर्यंत पट्टीवरचं गवत बोटभर ठेवायचं, एवढंच माझं काम. जिनिंगमध्ये, ट्रकवर, गॅरेजात, मी कुठंच फार टिकलो नाही. इथं टिकायचं आहे.

मशीन पाहून मी हसतच सुटलो. ट्रॅक्टरचं पिल्लू म्हणा ना! लाल रंग, वर बसायला खुर्ची, आणि पोटाखाली पालथ्या परातीसारखा मोठा पत्रा. पाती त्याच्या आत फिरतात. बाबू त्याला डेक म्हणतात, मी परात म्हणतो. परातीला एका बाजूनं तोंड आहे, तिथून कापलेलं गवत बाहेर फेकलं जातं.

बाबूंनी नेम सांगितले आणि पाढ्यासारखे म्हणवून घेतले. ओलं गवत कापायचं नाही. आधी पट्टीवरून चालत जाऊन गोटे वेचायचे. परातीखाली जायचं तर चावी खिशात, प्लगची टोपी काढलेली, म्हणजे इंजिन सुरूच होत नाही, आणि नुसत्या जॅकवर भरवसा नाही, खाली लाकडी ठोकळे पाहिजेतच. आणि काही झालं तरी तोंडात हात घालायचा नाही. इंजिन बंद केलं तरी पाती थांबेपर्यंत नाही. हे सांगताना त्यांनी माझं उजवं मनगट धरून ठेवलं होतं. आधीचा माणूस कुठं गेला विचारलं, तर म्हणाले, सोडून गेला.

गोटे वेचायला कलाबाई येते, मोहगावची म्हातारी. बोलत नाही. पाहते फक्त.

११ ऑगस्ट

परात खरवडली. गवताचा लगदा आतून असा चिकटतो की वाळला की शेणाच्या पोपड्यासारखा निघतो. तो ठेवला तर पत्रा सडतो आणि गवत तोंडातून नीट पडत नाही. ठोकळे लावले, टोपी काढली, पाठीवर सरकत आत गेलो, खुरप्यानं खरवडत राहिलो. लगद्याखाली अक्षरं निघाली. कानसीच्या टोकानं कोरलेली. गुणवंता.

मला फार गंमत वाटली. म्हणजे कोणी तरी मशीनचं नाव ठेवलं होतं! माझ्या मामाच्या गावात भैय्याजी नावाच्या शेतकऱ्याच्या बैलजोडीला नावं होती, राजा आणि पाखऱ्या. पाखऱ्या मारका होता, पण मला कधी मारलं नाही. आमच्या घरी बैल कधी नव्हते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लोक बैलांचे खांदे तुपाहळदीनं मळत, कानात उद्याच्या जेवणाचं आवतन देत, आणि मी कुंपणाबाहेर उभा राहून पाहत असे. तेव्हा वाटायचं, आपल्यालाही कोणी तरी असावं, ज्याला नावानं जेवायला बोलावता येईल.

पाती घासली. सगळी सारखीच घासावी लागतात, एक हलकं झालं की मशीन थरथरते. सांध्यांत ग्रीस भरलं. मग खुर्चीवर बसून म्हटलं, चला गुणवंताराव. कलाबाईच्या पदराच्या ओट्यातले गोटे सगळे खाली पडले. मी मशीन थांबवून वेचून दिले. बाईनं माझ्याकडे पाहिलं नाही, मशीनकडे पाहिलं.

दुपारी जाण्याआधी तिनं मला फडक्यात भाकर आणि मिरचीचा ठेचा आणून दिला.

२४ ऑगस्ट

यंदा धोंड्याचा महिना आला म्हणून पोळा लांबला आहे. गवत मात्र थांबत नाही. पट्टीच्या या टोकाहून त्या टोकाला उभे पट्टे मारतो, भांगासारखे सरळ. बाबू आठवड्यातून एकदा येतात. बाकी दिवस मी, कलाबाई, आणि खांबावरची वारा दाखवणारी कापडी पिशवी. बाई दुपारी जाते, मग पिशवीच. दुपार सरता सरत नाही. मी मशीनशी बोलून राहिलो. गुणवंता, आज गरम झाला का. गुणवंता, पाती फिरवणारा तुझा पट्टा सैल आहे, उद्या ओढून देतो.

आज बाजाराचा दिवस, मोहगावात चहाला गेलो. तिथं पोरं नेहमी चिडवतात, काय बे, इमान आलं काय, का रस्ता चुकलं. मीही हसतो. आज मी म्हणालो, इमान नाही आलं, पण गुणवंता आज लय नखरे करून राहिला, सुरूच होईना. एकानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून गेला. कोणी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथल्या बाकावरची माझी जागाही गेली असती.

तीन आठवडे होत आले. या गावात मला अजून कोणी घरी जेवायला बोलावलं नाही. बोलावतील.

३ सप्टेंबर

एक गोष्ट लिहून ठेवतो.

काल पट्टा आणायला सौंसरला गेलो. चावी माझ्या खिशात. संध्याकाळी परत आलो तर पट्टीचा अर्धा भाग कापलेला. मी उभे पट्टे मारतो. हे गोल होतं, बाहेरून आत, मळणीला खळ्यात बैलांची पात फिरते तसं. मधोमध एवढंसं गवत उभं ठेवलेलं. मशीन शेडमध्येच होती, पण परातीला हात लावला तर गरम.

बाबूंना विचारलं, कोणाला पाठवलं होतं का. ते म्हणाले, इथं तुझ्याशिवाय चालवणारा कोण आहे? मग त्यांनीच विचारलं, कसं कापलं होतं. मी म्हटलं, गोल. ते लूनावर बसून निघून गेले. हिशेब करायला आले होते, तोही केला नाही.

कलाबाई कापलेल्या गवतावर बसली होती. हसत होती. तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

१३ सप्टेंबर

आज खांदमळणी.

मोहगावाकडून घुंगरांचा आवाज येऊन राहिला होता. मला राहवेना. डब्यातलं तूप काढलं, हळद कालवली. परातीच्या दोन्ही बाजूंना, पट्ट्याच्या चाकांपाशी, जिथं बैलाचा खांदा असावा असं वाटतं तिथं मळलं. इंजिन बंद, टोपी काढलेली, सगळे नेम पाळून. मग लोक बैलाच्या कानाशी वाकतात तसा वाकलो आणि म्हणालो, गुणवंताराव, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

आत पाती फिरली. एकदाच, हळू. हात कोणी लावला नव्हता.

वळलो तर कलाबाई मागे उभी, पदर तोंडाशी. मला वाटलं, हसते. रडत होती.

म्हणाली, “गुणवंता माहा पोरगा रे.”

मग तिनं सांगितलं. माझ्याआधी तोच ही मशीन चालवायचा. परातीखाली नाव त्यानंच कोरलं होतं. मागच्या वर्षी पोळ्याच्या दिवशी बाबूंनी त्याला कामावर बोलावलं, मालक येणार म्हणून. पोळ्याला बैलाच्या खांद्यावरही जू ठेवत नाहीत. आणि गवत ओलं होतं. ते तोंडात अडकलं, इंजिन चालू असतानाच त्यानं उजवा हात आत घातला. नागपूरला नेता नेता लोधीखेड्याच्या पुढे सगळं संपलं. मालक आलाच नाही.

मला कोणी सांगितलं का नाही, मी विचारलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

“तू त्याले नावानं हाक मारे ना, तवा मले बरं वाटे. वर्षभरात कोनी मारली नव्हती.”

जाताना म्हणाली, उद्या पुरण मी करीन, तुझ्याच चुलीवर. आवतन ज्यानं दिलं त्यानं घर सोडून जायचं नसते.

१४ सप्टेंबर, सकाळी

पोळा.

बाबू येणार नाहीत. गाव आज पोळ्यात, उद्या गोटमारीच्या जत्रेला पांढुर्ण्याला. नागपूरची बस दुपारी आहे. कपड्यांची पिशवी भरून ठेवली.

मग कलाबाई आली. हातात डाळ, गूळ, अंगावर नवं लुगडं. चुलीशी बसली आणि मला म्हणाली, श्रावण, तू बी जेवजो आमच्यासंग. आमच्यासंग म्हणाली. घरात पुरणाचा वास सुटला. माझ्या खोलीत आजवर असा वास आला नव्हता.

पिशवी खुंटीला टांगली.

मशीनचा मात्र सगळा बंदोबस्त केला. परात ठोकळ्यांवर चढवली. प्लगची टोपी, चावी, दोन्ही खिशात. पट्टा काढून खोलीत आणला, तो इथं माझ्या पायाशी आहे.

दुपारी

बस गेली. आवाज ऐकला.

बाईला विचारलं, ताट कुठं वाढायचं. ती म्हणाली, ताट तर वाढूच, पण पहिला घास हातानंच द्या लागते. बैलाले आपण ताट देतो काय? त्याच्या तोंडात देतो.

त्याचं तोंड कोणतं, मी विचारलं.

ती पोळी लाटत राहिली. मग म्हणाली, “तुले माहीत हाये. तुह्या हातानं देजो. उजव्या.”

शेडमध्ये जाऊन आलो. ठोकळे बाजूला, एकावर एक नीट रचलेले. मशीन नाही.

गवत ओलं आहे. सकाळी पाऊस पडून गेला. पट्टीवर गोल पडायला लागला आहे — बाहेरून आत —

चालवणारं कोणी दिसत नाही. खुर्ची मात्र दबलेली आहे.

तिसरा प्रहर

गोल आता पट्टीवर नाही. खोलीभोवती आहे.

टोपी माझ्या मुठीत. पट्टा पायाशी. तरी पाती फिरून राहिली, ऐकू येते. एक पातं हलकं आहे. थरथरते. माझंच नीट घासायचं राहिलं —

आतून कडी लावली. कलाबाई ताट घेऊन आधीच बाहेर गेली होती. हाक मारते. म्हणते, दारी आला, उपाशी ठेवू नको. मी म्हटलं, माझ्यानं होत नाही. हात घालायचा नाही, नेम आहे. पाती थांबेपर्यंत —

ती म्हणाली, मंग मी देते.

नको म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. कडीवर हात ठेवला. काढली नाही.

दिवेलागण

इंजिनाचा आवाज बदलला. गवत दाट आलं की होतो तसा — जड.

मग बंद.

बाईचा आवाज नाही. घुंगरं दूर, मोहगावात.

लिहितो म्हणजे हात थांबत नाही. दोन्ही हात पाहिले. आहेत.

पुन्हा संध्याकाळीच

पावलं. दोघांची.

खिडकीच्या फटीतून — कलाबाई. नवं लुगडं. ताट घेऊन उभी. पुरणपोळी, वर तूप. ताट डाव्या हातात. वाढताना ती डावा हात कधी लावत नाही. उजवा पदराखाली.

हसते. म्हणते, जेवला रे, पोटभर जेवला. आता तूच राहिला. कडी काढ.

तिच्यामागे कोणी तरी. खांद्याला हळद. माझ्याच हातची, बोटं उमटलेली.

तो येईल असं वाटलं नव्हतं. मशीन येईल वाटलं होतं. माणूस —

दाराशी आला. वाकला, कडीच्या भोकाशी, कानात सांगावं तसा. आवाज माझ्याएवढ्याच पोराचा. रागावलेला नाही. रागावलेला असता तर —

मला आजवर असं कोणी — नाव घेऊन —

म्हणतो, श्रावणराव, आज आवतन घ्या, उद्या